काचेखालचा चेक

मी एक जुना चेक आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर तुम्हाला पन्नास-साठ वर्षे वाटतील. पण आमच्या जातीत तीन महिने उलटले की म्हातारपण आले. तारीख घालून तीन महिन्यांत बँकेत गेलो नाही, तर पुढे आम्हाला कुणी दारात उभे करत नाही. मला तर आता चौदा महिने झाले. माझ्या एका कोपऱ्यात टाचणीची दोन भोके आहेत, दुसऱ्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे आणि कडेला चिकटपट्टीचा पिवळा पट्टा आहे. भोके सोडली तर या खुणा मला निपाणीच्या एका दुकानात मिळाल्या. त्या दुकानाची आठवण झाली की अजून मला शिसारी येते.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. तिथे मला फिकट हिरवी वेलबुट्टी मिळाली. उजेडात धरल्यावरच दिसेल अशी एक खूण माझ्या कागदातच बसवलेली होती. तळाशी खास काळ्या शाईत आकड्यांची एक ओळ छापली गेली. ही ओळ माणसांसाठी नसते, यंत्रांना वाचता यावी म्हणून असते. त्या ओळीचा तेव्हा मला फार गर्व होता. उजव्या बाजूला खाली सहीसाठी थोडी कोरी जागा होती. ती जागा म्हणजे काय चीज आहे, हे मला पुढे कळले.

आम्ही दहा भाऊ एका पुस्तकात बांधले गेलो. मी पहिले पान. ते पुस्तक तानुबाईच्या घरी पोचले आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात, विडी कामगाराच्या कार्डाशेजारी जाऊन बसले. डब्याला तंबाखूचा वास होता. तानुबाईने निपाणीत चाळीस वर्षे विड्या वळल्या होत्या. तिच्या बोटांना तो वास कायमचा लागला होता आणि बोटांना लागलेला वास डब्यालाही लागला होता. मला तो वास आवडायचा.

काम सुटले तेव्हा तिच्या फंडाचे पैसे खात्यात आले. बावन्न हजार रुपये. मुलगी सोनम बेळगावला एका रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. ती म्हणायची, आई, आता बस गप. पण गप बसणे तानुबाईच्या अंगात नव्हते. तिला मिरची कांडायचे यंत्र घ्यायचे होते. उन्हाळा लागला की निपाणीत घरोघरी मिरची वाळते आणि कांडपावर बायकांची रांग लागते. आपल्या दारातही अशी रांग लागावी असे तिच्या मनाने घेतले. बेचाळीस हजारांचे यंत्र होते आणि ती रक्कम चेकने द्यायची असे तिने ठरवले.

रोख का दिली नाही, असे तुम्ही विचाराल. त्यामागे एक गोष्ट आहे. तानुबाई शाळेत कधी गेली नाही. विडीच्या कारखान्यात असताना एका वर्षी संध्याकाळचा साक्षरता वर्ग निघाला. शिकवणाऱ्या बाई कानडी होत्या, भल्या होत्या. त्यांनी तिला कानडीत नाव लिहायला शिकवले. त्याच महिन्यात तिचे बँकेत खाते निघाले आणि तिथल्या कार्डावर तिने ती कानडी सही केली. त्यानंतर वीस वर्षे ती पैसे काढायच्या पावतीवर तीच सही करत आली. एक चित्र काढावे तशी ती काढायची. पुढे सोनमने तिला घरच्या भाषेत, मराठीत, नाव लिहायला शिकवले. कॅलेंडरच्या पाठीवर रोज पाच ओळी. बायकांची मासिके, वर्तमानपत्राचे मथळे ती अक्षर जुळवून वाचू लागली. स्वतःचे नाव पहिल्यांदा तिने लिहिले आणि लिहिलेले वाचलेही, तेव्हा ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसली होती. ही नवी सही कुठेतरी महत्त्वाच्या कागदावर करायची तिची इच्छा होती. तो महत्त्वाचा कागद मी होतो.

फेब्रुवारीतला एक रविवार होता. सोनमने माझ्यावर तारीख घातली, रक्कम अक्षरी लिहिली आणि पेन आईच्या हातात दिले.

"हळू कर आई. घाई न्हाई."

"साठ वर्सं दम काढला, आता कसली घाई गं?" तानुबाई म्हणाली.

तिने माझ्या त्या कोऱ्या जागेत मराठीत सही केली. नाव लिहून तिने श्वास रोखून वर रेघ ओढली आणि रेघ सरळ आली. मित्रांनो, मला खरे सांगू द्या, त्या दिवसापासून तळाची आकड्यांची ओळ मला क्षुद्र वाटू लागली. एवढ्या आनंदात त्या दोघी एक गोष्ट साफ विसरल्या. बँकेच्या कार्डावर अजून कानडी सही होती. आमच्या या सीमेवरच्या मुलखात एका माणसाच्या दोन भाषांत दोन सह्या असतात, आणि कुठल्या कागदावर कुठली हे लक्षात ठेवावे लागते. त्यांना आठवण झाली नाही. ही चूक त्यांची, मी ती लपवणार नाही.

दुकान नागेंद्रचे होते. यंत्रे, मोटारी, पट्टे असले सगळे तिथे मिळायचे. नागेंद्र गोड बोलायचा. "बसा आक्का, च्या घ्या आक्का." त्याच्या तोंडात सतत मावा असायचा आणि दर दोन वाक्यांनी तो अंगठा जिभेला लावायचा. त्याच ओल्या अंगठ्याने त्याने मला उचलले. मला किळस आली, पण पहिलाच प्रवास होता, मी सोसले.

"आक्का, मोबाइलवर आत्ता सहा आकडे येतील, तेवढं सांगा. यंत्राच्या गॅरंटीची नोंद हाय," तो म्हणाला.

तानुबाईने आकडे वाचून दाखवले. वाचता येते याचा तिला केवढा अभिमान. ते आकडे गॅरंटीचे नव्हते. चेक परत आला तर पैसे आणि वर हाताळणीचा खर्च तिच्या खात्यातून परस्पर ओढून घ्यायला एका वसुलीच्या कंपनीला दिलेली ती परवानगी होती. नागेंद्र ही परवानगी चेक देणाऱ्या प्रत्येकाकडून अशीच काढून घ्यायचा. तिच्या नव्या अक्षरओळखीचा त्याने असा वापर केला. मी काउंटरवर पडून सगळे ऐकत होतो आणि मला बोलता येत नव्हते.

हल्ली आम्ही चेक फार हिंडत नाही. दुकानदाराच्या बँकेत माझा फोटो निघाला आणि तो फोटो तानुबाईच्या बँकेत गेला. तिथे कुणीतरी माझी सही आणि कार्डावरची सही शेजारी ठेवून पाहिली. एक मराठी, एक कानडी. दुसऱ्या दिवशी मी एक छापील चिठ्ठी पाठीला टाचून नागेंद्रकडे परत आलो. चिठ्ठीवर इंग्रजीत कारण होते: सही जुळत नाही. खात्यात पैसे आहेत की नाहीत, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

परत येणे हे चेकच्या नशिबी येऊ नये असे दुःख आहे. आमच्यातला जो भाग्यवान असतो तो गेला की गेला, मालकाला पुन्हा दिसत नाही. मला वाटले होते, नागेंद्र चिठ्ठी वाचेल, तानुबाईला बोलावेल, दुसरी सही घेईल आणि मिटेल. त्याने चिठ्ठी उलटूनसुद्धा पाहिली नाही. पूर्वी चेक परत आला की दुकानदाराला घरी हेलपाटे घालावे लागायचे, माणसाच्या तोंडाकडे बघावे लागायचे. आता तेवढेही करावे लागत नाही. नागेंद्रने मोबाइल काढला, कंपनीच्या अॅपवर माझा फोटो टाकला. आकड्यांची ओळ यंत्राने आपोआप वाचली. खाली 'परत येण्याचे कारण' असा चौकोन होता आणि त्यात आधीच 'पैसे अपुरे' असे भरलेले होते. ते बदलायला बोट दोनदा हलवावे लागले असते. नागेंद्रने बोट एकदाच हलवले आणि मावा थुंकायला दाराशी गेला. किती सोय झाली आहे माणसांची, शी!

त्याच दुपारी तानुबाई यंत्र कधी मिळणार हे विचारायला आली. दुकानात सात-आठ गिऱ्हाइके होती.

"आक्का, चेक बाउन्स झाला की तुमचा," नागेंद्र मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

"असं कसं हुईल? खात्यात पैसे हायत."

"असते तर परत आला असता व्हय?"

त्याने सोनमला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. सोनम लॅबमध्ये कामात होती. तिने घाईघाईत ऐकले आणि म्हणाली, "आई, तुझा हिशोब चुकला असंल. राहू दे, मी आत्ता पाठवते." तिला आईची चारचौघांतली शरम लवकर मिटवायची होती. दोन मिनिटांत तिच्या खात्यातले बेचाळीस हजार नागेंद्रच्या मोबाइलवर वाजले.

"माझा हिशोब चुकला न्हाई गं," तानुबाई म्हणाली, पण तोवर फोन बंद झाला होता. मला त्या क्षणी सोनमचाही राग आला. ज्या मुलीने आईला वाचायला शिकवले तिलाच आईचे खरे वाटले नाही.

यंत्र टेम्पोत चढले. तानुबाईने चेक परत मागितला.

"तो कंपनीच्या कामाचा हाय आक्का, नंतर देतो," नागेंद्र म्हणाला. पैसे मिळाले, आता वसुली थांबवा, हे कंपनीला कळवायला पुन्हा एकदा बोट हलवावे लागले असते. ते त्याने केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीने तानुबाईच्या खात्यातून बेचाळीस हजार आणि वर हाताळणीचे चोवीसशे ओढून घेतले. मेसेज इंग्रजीत आला. तानुबाईला वाटले, कसली तरी जाहिरात असेल.

मित्रांनो, आता मी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात घाणेरड्या दिवसांबद्दल सांगतो. नागेंद्रच्या काउंटरवर जाड काच होती. तिच्याखाली तो परत आलेले चेक गिऱ्हाइकांकडे तोंड करून चिकटवायचा. धाक बसतो, असे तो म्हणायचा. मला तिथे चिकटपट्टी लावून बसवले. पाठीची चिठ्ठी खाली दबली, सही वर राहिली. माझ्याबरोबर आणखी सहा जण होते. काचेखाली चहा झिरपायचा, त्याला मुंग्या लागायच्या. माझ्या शेजाऱ्याच्या तारखेवर एक मेलेले झुरळ कित्येक दिवस पडून होते, कुणी काढले नाही. वरून माणसे कोपर टेकून उभी राहायची, नावे वाचायची आणि हसायची. "तानुबाई म्हणजे ती विडीवाली न्हवं? लई नाक वर करून चालत हुती." त्यांच्या तोंडांचा वास, त्यांचे ते हसणे आणि नागेंद्रचा तो ओला अंगठा, सहा आठवडे मी हे सगळे पाहिले. जी सही करताना तिने श्वास रोखला होता ती चोराची म्हणून दाखवली जात होती. मला स्वतःला फाडून घेता आले असते तर मी फाडून घेतले असते.

ही बातमी तिच्या दारात पोचायला वेळ लागला नाही. मिरची घेऊन आलेल्या एका बाईने तिला विचारले, "काय गं, नागेंद्रच्या काचंखाली तुझं नाव कशापायी?" त्यानंतर काही बायका दुसरीकडे जाऊ लागल्या. यंत्र चालू होते, पण रांग लागत नव्हती. तानुबाईला पैशापेक्षा हे जास्त लागले. तिने पासबुक काढले आणि बँकेत गेली. तिथे ओमकार नावाचा कारकून होता, जांबोटीकडचा, शांत स्वभावाचा. त्याने पासबुक छापून दिले आणि स्क्रीनवर दोन सह्या शेजारी शेजारी दाखवल्या. तिथे काय झाले ते मला पुढच्या रविवारी कळले. त्या दिवशी तानुबाई आणि सोनम दोघी दुकानात आल्या.

तानुबाईने पासबुक उघडून काचेवर ठेवले, बरोबर माझ्या डोक्यावर. मला दिसेनासे झाले, पण ऐकू सगळे आले.

"बघ नागेंद्र. तुझा चेक परत आला त्या दिवशी खात्यात बावन्न हजार. दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्यातनं ओढलेत. आणि माझ्या लेकीनं दिलेलं वेगळं."

"आक्का, ते सिस्टीमचं असतंय. आपोआप हुतंय. माझ्या हातात काय न्हाई."

"फोटो कुणाच्या हातानं काढलास रं?"

नागेंद्रने अंगठा जिभेला लावला. मग म्हणाला, "परत आला म्हंजे पैसे नसणारच, आम्ही तसंच धरतोय."

"काच उचल."

"जड हाय ती आक्का. नंतर बघू."

तानुबाईने पासबुक बाजूला ठेवले आणि दोन्ही हात काचेच्या कडेला घातले. चाळीस वर्षे विड्या वळलेली बोटे होती ती. एक गिऱ्हाईक पुढे झाले आणि त्याने दुसरी बाजू धरली. काच उचलली गेली. मुंग्या सैरावैरा पळाल्या. तानुबाईने चिकटपट्टी हळूच सोलली आणि मला उलटे केले. सहा आठवड्यांनी माझी पाठ उजेडात आली.

सोनमने चिठ्ठी वाचली. "सही जुळत नाही, एवढंच लिहिलंय," ती म्हणाली. मग ती आईकडे वळली. "आई, तू म्हणालतीस पैसे हायत म्हणून. मी ऐकलंच न्हाई."

"दुकानातल्या माणसांचं सोड. तुला तरी माझं खरं वाटाय पायजे व्हतं," तानुबाई म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. सोनम तिथेच, सगळ्यांसमोर रडली.

नागेंद्रला तेवढ्यात धीर आला. "मग चूक तुमचीच झाली की आक्का. सही चुकलासा."

"सही माझीच हाय, खरी हाय. कार्डावर दुसरी हाय ते मी इसरले, ते माझं चुकलं. तू त्याच दिवशी हे सांगितलं असतंस तर मी येऊन कानडीत करून दिली असती. तू वाचलंच न्हाईस. वाचायला येतंय तुला, तरी वाचलं न्हाईस." मग ती बाकीच्या सहा चेकांकडे बघून म्हणाली, "ह्यांच्या पाठीवर तरी बघितलास का रं?"

त्याने बघितले नव्हते. काच उचलणाऱ्या गिऱ्हाइकाने एकेक चेक उलटायला सुरुवात केली. एकावर तारीख चुकली होती. एकावर अक्षरी रक्कम आणि आकडे वेगळे होते. बाकी चौघांवर पैसे अपुरे असे खरेच लिहिलेले होते. गिऱ्हाइकाने उलटून पाहिलेले चेक नागेंद्रच्या पुढ्यात ठेवले आणि रुमालाने बोटे पुसली. त्याला नुसती मुंग्यांचीच घाण वाटत होती असे मला वाटत नाही.

ओमकारने तक्रारीचा अर्ज कसा करायचा ते लिहून दिले होते. सोनमने तो कागद दाखवल्यावर नागेंद्रने तिचे बेचाळीस हजार तिथल्या तिथे परत पाठवले. हाताळणीच्या चोवीसशांबद्दल "कंपनीला इचारतो" म्हणाला. तो अजून विचारतोच आहे. माफी त्याने मागितली नाही. आम्ही दाराबाहेर पडलो तेव्हा तो पुन्हा "बसा आक्का, च्या घ्या" म्हणाला, आणि त्या गोड बोलण्याने मला त्याच्या अंगठ्यापेक्षाही जास्त किळस आली.

दुसऱ्या दिवशी तानुबाई मला घेऊन बँकेत गेली. ओमकारने सही बदलायचा अर्ज तिच्यापुढे ठेवला. त्यावर तीन चौकोन होते, तिन्हीत सारखीच सही हवी होती. तानुबाई थोडी घाबरली. परत चुकलं तर? मग तिने मला अर्जाच्या शेजारी सरळ मांडले, माझा कोपरा बोटाने दाबून धरला आणि माझ्यावरची सही बघून बघून तीन वेळा नाव लिहिले. शाळेत मुले कित्ता समोर ठेवतात तसे तिने मला समोर ठेवले होते. मागे रांग थांबली होती. ओमकारने कुणाला घाई करू दिली नाही.

"आक्का, जुनी कानडी सही काढून टाकू न्हवं?" त्याने विचारले.

"काढ. पण ती बी माझीच हुती बरं का. लई वर्सं माझं काम केलं तिनं."

नंतर त्याने मला रद्द करण्यासाठी पेन उचलले. चेक परत येऊन निकामी झाला की त्याच्यावर आडव्या रेघा मारतात. तानुबाईने चटकन सहीवर हात ठेवला. "हिथं नको." त्याने वरच्या कोपऱ्यात दोन लहान रेघा मारल्या. त्या मला दुखल्या नाहीत.

आता मी पुन्हा त्या बिस्किटांच्या डब्यात आहे. बाहेर मिरची कांडायचा आवाज येतो. गेल्या उन्हाळ्यात रांग आखूड होती, या उन्हाळ्यात ती कोपऱ्यापर्यंत गेली आहे. तो काच उचलणारा माणूस जिथे तिथे ही गोष्ट सांगत सुटला होता, म्हणून. मिरचीच्या खकाण्याने डब्यातसुद्धा नाक झणझणते, पण त्या दुकानापेक्षा हे बरे.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे थोडेसे मागणे आहे. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मोबाइलवर आकडे आले तर आधी तुम्ही वाचा, मग कुणाला सांगायचे ते ठरवा. कुणाचा कागद परत आला तर त्याची पाठ उलटून बघा. आणि घरातले माणूस "माझे पैसे आहेत" म्हणाले तर यंत्राच्या आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. यंत्राला नाव वाचता येत नाही. तुम्हाला येते.

मागच्या महिन्यात तानुबाईने यंत्राचा नवा पट्टा आणला, बेळगावहून, दुसऱ्या दुकानातून. त्यासाठी पुस्तकातले दुसरे पान, माझा पाठचा भाऊ, मराठीत सही होऊन घराबाहेर पडला. मी रोज डब्याचे झाकण उघडण्याची वाट बघतो. तो अजून परत आलेला नाही.